खाली राहिलेला हात

"तुमच्या कन्यारत्नाला आवरा, बाई," मुकादम सकाळीच म्हणाला होता. "दवाखान्याच्या दारात वही घेऊन बसतात ही कार्टी. डॉक्टर कधी आले, कधी गेले! आता म्हणे वर अर्ज करणार. तो अर्ज गेला, तर कचेरीच्या झाडलोटीला मी दुसरी बाई बघतो."

म्हणून आई कमरेला खोचलेल्या फडक्यासकट युवक मंडळाच्या खोलीत आली होती. लेकीला दंडाला धरून घरी न्यायची, बस्स.

खोली कसली, सायकलच्या दुकानामागची पत्र्याची शेड. अकरा जण गोल करून बसलेले.

"मावशी, बसा की. अर्जाचं मतदान चाललंय," चष्मा म्हणाला. मंडळाचा अध्यक्ष, काचा एवढ्या जाड, की खरं नाव सगळे विसरले होते.

"बसायला नाही आले. हिला न्यायला आलेय."

"दोन मिनिटं. पण खोलीत असेल त्याने डोळे मिटायचे. कुणी कुणाच्या भिडेला पडायला नको. मोजायला मी एकटा उघडे ठेवतो."

"तुझे उघडे असून उपयोग काय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले.

नियम आणखी एक होता. परिणाम सगळ्यांनाच भोगायचे, तेव्हा एकही हात खाली राहिला तर अर्ज जायचा नाही.

आईसमोर वही उघडी पडली होती. लेकीचं तिरपं अक्षर. ‘सोमवार, दुपारी दोन. कुलूप. एक आजी पायरीवर बसून गेल्या.’ ‘मंगळवार, दुपारी तीन. कुलूप. तापलेलं बाळ परत नेलं.’ महिनाभर हेच.

तिने डोळे मिटले. मग एक किलकिला केला.

दहा हात वर होते, चष्म्याचासुद्धा. लेकीचा मात्र मांडीवर. मान खाली.

म्हणजे मुकादमाची धमकी हिच्या कानावर आधीच गेली होती. आईला हवं होतं ते आयतंच झालं होतं. पण ती मान! मुकादमापुढे आई स्वतः रोज तश्शीच उभी राहायची. बोलायला लागल्यापासून ‘का?’ विचारून जीव नकोसा करणारी पोर, आणि तिची मान अशी? 

तिने लेकीच्या कोपराखाली हात घातला.

"मावशी! हात तिचा तिने वर करायचा."

"मी कुठे करतेय? माझं ओझं तेवढं काढून घेतेय."

"आई, तुझं काम..." लेक डोळे न उघडताच कुजबुजली.

"जगात कचरा काय कमी आहे, गं? मिळेल कुठेतरी झाडू. तुला स्वतःला नको असेल तर खुशाल खाली ठेव. माझ्या नावाने घाबरू नकोस."

आईने हात काढून घेतला. लेकीचा क्षणभर तिथेच राहिला. मग सरळ वर गेला.

"अकरा," चष्मा म्हणाला.

डोळे उघडले तसा प्रश्न निघाला, नेऊन देणार कोण? मागच्या वेळी कचेरीच्या शिपायाने दारातूनच हाकललं होतं.

"आण इकडे," आई म्हणाली. "मला कोण अडवतंय? ते दार रोज मीच उघडते."

दुसऱ्या दिवशी कचेरीत कारकुनाने अर्ज वाचला आणि आधी दारात उभ्या मुकादमाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई, हे ठेवून जा. बघतो नंतर."

"पोच द्या, साहेब. शिक्का मारून."

"नंतर म्हटलं ना!"

"चालेल," ती म्हणाली. इतकी वर्षं जी खुर्ची नुसतीच पुसली होती, ती तिने टेबलासमोर ओढली आणि ऐसपैस बसली.