उज्ज्वलाचा गुडघा

आंदर मावळात उज्ज्वलाच्या गुडघ्याइतका नावाजलेला गुडघा दुसरा नव्हता. आणि त्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

सहा वर्षं झाली. गावची आरोग्यसेविका, आशाताई अनिता, तिला पहिल्यांदा लोणावळ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन निघाली, तेव्हा ओट्यावर बसलेल्या सासूनं, रतनबाईंनी, विचारलं होतं, "कशाला गं दवाखाना?"

खरं उत्तर असं होतं, की उज्ज्वलाच्या आत एक मोटर चालू असायची. विहिरीतलं पाणी संपल्यावरही चालू राहते तशी. दिवसभर नुसती घरघर आणि पाटात थेंब नाही. गॅसचं बटण बंद आहे का, हे ती सात वेळा बघायची आणि अर्ध्या वाटेतून आठव्यांदा बघायला यायची. मग कधी तरी मोटर जळाल्यासारखी एकदम बंद पडायची. त्यानंतर चार-चार दिवस भिंतीकडं तोंड. वेणी सोडायला हात वर जायचा नाही. पण हे सासूला सांगायचं कोणत्या तोंडानं? रतनबाई त्या वेळी स्वतःचा गुडघा तेलानं चोळत होत्या. उज्ज्वलाची नजर तिथं गेली, आणि ती म्हणाली, "गुडघा दुखतोय."

झालं. गावात दुखणं एकट्याचं कधी राहतं का? संध्याकाळपर्यंत चिमाबाई निरगुडीचा पाला घेऊन हजर. वाडीवरच्या नवशानं रानातलं कसलंसं मूळ आणून दिलं, उगाळून लावायला. मुक्ताबाईंच्या मुलानं पुण्याहून गुडघ्याचा पट्टा आणला. एवढ्या लांबून आणलेला पट्टा घातला नाही तर बरं दिसत नाही, म्हणून उज्ज्वलानं तो घातला. पट्टा घातला म्हणून लंगडावं लागलं. उजवा की डावा याचा तिचा नेहमी घोळ व्हायचा, पण लोक समंजस. म्हणायचे, दुखणं फिरतं.

रतनबाई तर रोज दिवेलागणीला सुनेचा गुडघा मांडीवर घेऊन चोळायच्या. सासूनं सुनेचा गुडघा चोळल्याचं दुसरं उदाहरण पंचक्रोशीत नव्हतं. तिसऱ्या वर्षी त्यांनी गावदेवीला चांदीचा गुडघा बोलला. सोनार म्हणाला, "डोळे करतो, हात-पाय करतो, पाळणा करतो. नुसता गुडघा आजवर कुणी मागितला नाही." त्यानं केलं ते सोललेल्या बटाट्यासारखं दिसत होतं. गुरवानं वर कुठली बाजू म्हणून विचारलं, ते रतनबाईंनाही सांगता आलं नाही. शेवटी तो देवीच्या पायाशी ठेवला. आता जाता-येता लोक त्याला हात लावून आपापल्या गुडघ्याला लावतात. दोघांना गुण आला म्हणे.

खरं ठाऊक होतं ते अनिताला आणि नवऱ्याला, विकासला. विकास तळेगावच्या कंपनीत पहिल्या पाळीला पहाटेच निघायचा. माणूस वाईट नव्हता. पण घरात दोघंच असली तरी तो आवाज बारीक करून विचारायचा, "गुडघ्याच्या गोळ्या घेतल्यास ना?"

त्या गोळ्या सोमवारी संपल्या.

मनाची डॉक्टरीण पुण्याहून लोणावळ्याला यायची ती महिन्यातल्या एकाच मंगळवारी, साडेनऊ ते एक. मधे चुकलं की पुढचा महिना. आणि चुकल्यावर काय होतं ते उज्ज्वलानं शिमग्यात बघितलं होतं. तेव्हा जीप भरली नव्हती. तेवढंच कारण. वडापची जीप नथूची, आणि अकरा माणसं झाल्याशिवाय नथू किल्ली फिरवत नाही. आठ झाली होती. एसटी दुपारची, म्हणजे उपयोगाची नाही. ती परत घरी गेली आणि दोन आठवड्यांत गादीला लागली. पुरणपोळीचा वास येत होता, पोरगी "आई, ऊठ ना" म्हणत होती, आणि हिला ते पोरगीचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. तसं परत होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून मंगळवारी सात वाजता ती पट्टा बांधून थांब्यावर हजर. जीपमध्ये एकटीच.

"वैनी, एका सीटवर जीप हालत न्हाई," नथू बॉनेटवर बसून म्हणाला. "अकरा पायजेत. तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय, भाऊ."

भाताची झोडणी उरकून आठ दिवस झाले होते. चिमाबाई दुधाची किटली घेऊन चालल्या होत्या, थांबल्या. "गुडघ्याला निगालीस?"

"व्हय, मावशी."

चिमाबाईंनी किटली खाली ठेवली. महिनाभर वाकून त्यांचे दोन्ही गुडघे बाद झाले होते. "सा वर्सं एकच डागदर करतीस तू."

"व्हय."

"आनि अजून चालतीस." त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हंजे डागदर बरा असनार. सरक तिकडं."

त्यानंतर अर्ध्या तासात जे झालं ते नथूनं वीस वर्षांत बघितलं नव्हतं. मुक्ताबाई आल्या. नवशा काठी टेकत वाडीवरून उतरला. खालच्या आळीतली सहा म्हातारी माणसं एकमेकांना धरून आली. सगळं गाव वाकून कापणी केलेलं, सगळ्या गावाचे गुडघे ठणकत होते, आणि दवाखाना कसला बघावा याचा पुरावा सहा वर्षं डोळ्यांसमोर चालत होता.

"धा झाली," नथू म्हणाला. "अजून येक."

उज्ज्वलानं मनात हिशोब केला. अकरावं माणूस नाही आलं तर गोळ्या नाहीत. आलं तर ही सगळी पलटण आपल्याच डॉक्टरच्या दारात. तिनं देवीला दोन्हीकडून साकडं घातलं, आणि देवी आपल्या पायाशी असलेल्या चांदीच्या बटाट्याला स्मरून पावली. लांबून रतनबाई घराला कडी लावून लंगडत येत होत्या.

"सरक," रतनबाई म्हणाल्या. "माजाबी दाखवून घेते."

नथूनं किल्ली फिरवली.

टाकवे गेलं. कामशेत आलं. उज्ज्वलानं शेवटचा प्रयत्न केला. "मावशी, हितंबी एक गुडघ्याचा डॉक्टर हाय म्हनं. लोनावळ्याला लय गर्दी असती."

"आमाला तुजाच पायजे," चिमाबाई म्हणाल्या. नवशानं मान हलवली. नवशा महिन्याला तीन शब्दांच्या वर बोलत नसे, त्यामुळं त्याच्या मानेला वजन होतं.

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "कुठल्या विभागात?" चिमाबाईंनी उज्ज्वलाकडं बोट केलं. "ही जाती तितं." त्यानं दहाही कागदांवर नऊ नंबर टाकला. उज्ज्वलाच्या आत मोटर अशी घरघरत होती, की तिला वाटलं खिडकीतल्या माणसालाही ऐकू जात असेल.

नऊ नंबरच्या दारावर पाटी होती, मानसिक आरोग्य. मुक्ताबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी पाटी वाचली आणि म्हणाल्या, "गुडघ्याचं काय लिवल्यालं न्हाई. पन आत काय हाय ते सरकारी पाटीवर कुटं लिवतात."

आता वयानं मोठी माणसं आधी, हे सांगायला लागत नाही. उज्ज्वला बाकाच्या पार टोकाला गेली. शेवटून दुसऱ्या रतनबाई, कारण सुनेला सोबत पाहिजे.

चिमाबाई आत गेल्या आणि पंचवीस मिनिटांनी पदर डोळ्यांना लावून बाहेर आल्या. बाक हादरला.

"दुखावलं का लय?" रतनबाईंनी विचारलं.

"न्हाई गं. इचारलं, मावशी, झोप लागती का."

"मंग?"

"मंग काय, सांगितलं. थोरला गेला तवापास्नं पहाटंच्या तीनला डोळा उघडतो, तो उघडाच. नऊ वर्सं." त्यांनी नाक पुसलं. "कुनी इचारलंच नव्हतं."

"आनि गुडघा?"

"गुडघ्याला हातबी न्हाई लावला. पन हलकं वाटतंय."

बाकावरच्या सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. डॉक्टर भारी असणार.

नवशा आत गेला. दाराआडून एकच आवाज अर्धा तास ऐकू येत होता आणि तो डॉक्टरणीचा नव्हता. बाहेर येऊन तो दोन तांबे पाणी प्याला.

"काय बोल्लास येवढं?"

"म्हशीचं," नवशा म्हणाला.

"तीन वर्सांमागं मेली ती?"

"व्हय." आणि महिन्याचा कोटा संपल्यामुळं तो भिंतीला टेकून बसला.

मुक्ताबाई मात्र पाच मिनिटांत बाहेर, गाल फुगवून. "मला म्हनली, तुमी छान हसता, छान जेवता, तुमचा नुसता गुडघाच दुखतोय. सा नंबरात जा. ह्यांना अर्धा-अर्धा तास, आनि मलाच काय न्हाई. आमी काय कमी लांबून आलोय?"

उज्ज्वला भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती. अकरा. सव्वाबारा. बारा चाळीस. खालच्या आळीची माणसं आत जाताना लंगडत जात होती आणि येताना नाक ओढत येत होती. शेवटी बाकावर दोघीच उरल्या, तेव्हा सिस्टर बाहेर आली.

"आता एकच पेशंट. मॅडमना पुढं दुसऱ्या गावाला जायचंय. औषधाची खिडकीही बंद होईल. बाकीचे पुढच्या महिन्यात."

रतनबाईंनी काठी घेतली आणि उठल्या. वयानं मोठ्या. रीतच तशी.

"आत्या, थांबा."

"काय गं?"

"माजा गुडघा दुखत न्हाई."

"आज न्हाई दुखत?"

"कदीच न्हाई दुखला."

रतनबाई उभ्याच राहिल्या. उज्ज्वला फरशीच्या एका फुटलेल्या कोपऱ्याशी बोलावं तसं बोलली. "ह्या मनाच्या डॉक्टर हायेत. मला काय हुतं ते सांगता येत न्हाई. भीती वाटती, कशाची ते कळत न्हाई. मग उठवतच न्हाई. शिमग्यात पडलेले, ते तेच. गोळ्या कालच्याला संपल्या. आज न्हाई मिळाल्या तर मी परत पडंन, आत्या."

बाहेरच्या व्हरांड्यातल्या नऊ माणसांचे कान इकडं लागले. कुणी तरी खोकायला घेतलेलं तेही गिळलं.

"सा वर्सं?" रतनबाई म्हणाल्या.

"व्हय."

"मी रोज चोळती, तो?"

"व्हय."

रतनबाईंच्या चेहऱ्यावरून काय-काय गेलं ते उज्ज्वलानं बघितलं नाही. सहा वर्षं ती या क्षणासाठी उत्तरं जुळवत होती. वेडी आहे का, माहेरी कुणाला होतं का, आधी का नाही सांगितलं. सगळ्यांना तिच्याकडं एकेक उत्तर तयार होतं.

"मंग त्या चांदीच्या गुडघ्याचं काय करायचं?" रतनबाईंनी विचारलं.

हा प्रश्न मात्र तिच्या यादीत नव्हता. तिला हसू आलं, आणि ते मधेच वाट चुकून डोळ्यांतून बाहेर पडलं. "ऱ्हाऊ द्या, आत्या," ती कशीबशी म्हणाली. "लोकांना गुन येतोय."

रतनबाई परत बाकावर टेकल्या. पाय लांब केला, काठी आडवी ठेवली. "जा आत. माजं काय, माजा खराच गुडघा हाय. सा नंबरात दाखवीन."

आत डॉक्टरीण डोळे चोळत होती. "उज्ज्वलाताई, आज गाव आणलंत?"

"मी न्हाई आनलं. जीप भरत नव्हती."

"बाहेर काय चाललं होतं?"

"सांगितलं."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. तिनं शाबासकी दिली नाही, त्याबद्दल उज्ज्वलाला बरं वाटलं. "कसं वाटतंय?"

"मोटर चालूच हाय," उज्ज्वला म्हणाली. मग थोडा विचार करून, "पन आता आवाज दुसऱ्यांनाबी गेलाय."

डॉक्टरीण हसली आणि तिनं महिन्याच्या गोळ्या लिहिल्या. खिडकी बंद व्हायला चार मिनिटं असताना त्या उज्ज्वलाच्या पिशवीत पडल्या.

तोवर रतनबाईंचं सहा नंबरात दाखवून झालं होतं. सगळी जीपपाशी आली. दाटीवाटीनं बसली. अकरा भरली. एरवी अकरावं माणूस चढायच्या आत नथू गियर टाकतो. पण आज जीप भरलेली होती आणि निघत नव्हती, कारण नथू जाग्यावर नव्हता.

"त्यो बगा," चिमाबाई म्हणाल्या.

फाटकाशी डॉक्टरणीची गाडी होती. तिचं दार उघडं, डॉक्टरीण एक पाय आत घालून थांबलेली, आणि नथू दाराला धरून उभा होता. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं. दोन मिनिटांचं काम आहे म्हणून गेला असणार. हातातली जीपची किल्ली तो बोटाभोवती फिरवत होता, मग फिरवायची थांबला.

मुक्ताबाईंनी हॉर्नकडं हात नेला. रतनबाईंनी तो धरून त्यांच्या मांडीवर परत ठेवला.

"जीप भरस्तवर आपून थांबतो न्हवं रोज? आज त्याचं भरू दे," त्या म्हणाल्या.

सगळी बसून राहिली. चिमाबाईंनी चिक्कीचा पुडा फोडून मागं पाठवला. दुपारच्या उन्हात पत्रा तापत होता. उज्ज्वलानं पट्टा सोडला, गुंडाळला आणि आत्याला दिला. रतनबाईंनी तो आपल्या गुडघ्याला बांधला, मग हात रिकामा झाला म्हणून सवयीनं सुनेचा गुडघा चोळायला लागल्या. उजवा की डावा ते त्यांनी बघितलं नाही.

तिनं चोळू दिला.