वरच्या मजल्यावरचं नेटवर्क

पडतं घेणं हयवदनरावांच्या स्वभावातच नव्हतं. नवा रूटर आला तेव्हा तर त्याच्याच जोरावर त्यांनी धाकट्या भावाला खाली उतरवायचं ठरवलं.

चामराजपेटेतल्या घरात खाली ते आणि पत्नी हेमलताबाई, वर धाकटा श्रीहरी आणि त्याचं कुटुंब. श्रीहरीच्या लेकीचा, भार्गवीचा साखरपुडा झाल्यापासून भावाभावांत अबोला होता. श्रीहरीने दारोदार अक्षता देऊन सगळ्यांना बोलावलं, थोरल्या भावाला मात्र जिन्यातूनच सांगितलं, "अण्णा, रविवारी लवकर आवरून या." घरच्या माणसाला कसली अक्षता, असं त्याला वाटलं. हयवदनरावांना वाटलं, अक्षतेशिवाय कसलं आमंत्रण! ते गेलेच नाहीत, आणि तेव्हापासून दोघेही मिठाची गुळणी धरून बसले होते.

दोन्ही मजल्यांत सामाईक राहिलं होतं ते फक्त वायफाय. नेटवर्कचं नाव होतं 'दोड्डमने', म्हणजे कानडीत मोठं घर. पासवर्ड श्रीहरीने ठेवलेला: 'मेष्ट्रु बंद्रु'. मास्तर आले! शिकवणीचे मास्तर गल्लीच्या तोंडाशी दिसले की गच्चीवर खेळणाऱ्या भावाला सावध करायची ही लहानपणची आरोळी.

विजेच्या चढउतारात जुना रूटर जळाला, म्हणून नवा आणला. हयवदनराव टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तेव्हा माणूस बोलवायचा प्रश्नच नव्हता. रूटरच्या पोटावर छापलेला पत्ता संगणकात टाकून त्यांनी सेटिंगचं पान उघडलं.

"नाव आणि पासवर्ड जुनंच ठेवा," हेमलताबाई म्हणाल्या. "सगळे फोन आपोआप जुळतील. वरचेसुद्धा."

"नवंच घालणार. सुरक्षितता म्हणून काही असते."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? भावजींनी पासवर्ड विचारायला खाली यावं, एवढंच ना? स्वल्प तुम्हीच वर जाऊन या की."

"तो धाकटा आहे," म्हणत हयवदनरावांनी नवं नाव, नवा पासवर्ड घालून सेव्हचं बटण दाबलं. मग दार सताड उघडं टाकून ते पेपर घेऊन बसले.

श्रीहरी आला नाही. जिन्यात पावलं वाजली की हयवदनराव चष्मा सारखा करून बसत, आणि दूधवाला निघून जाई. भार्गवीचा फोन नेटशिवाय कसा चालत असेल, तिची कामं अडली असतील, या विचाराने त्यांना अपराधी वाटू लागलं. पण सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नव्हता.

मग एके सकाळी खांद्यावर तारेचं वेटोळं घेतलेला माणूस वर गेला. श्रीहरीने स्वतःचं कनेक्शन घेतलं होतं. उरलेला एकच धागा आपण आपल्या हाताने तोडला, असं हयवदनरावांना वाटलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे काही दिवसांनी, सकाळी धूळ पुसायला त्यांनी रूटर बंद केला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुण्याहून मेव्हण्याचा संदेश होता. फोनवर वेगळं नेट ते घेत नसत, मग घरचं नेट बंद असताना संदेश आला कसा? त्यांनी फोन नीट पाहिला. जोडलेलं नेटवर्क: दोड्डमने.

जुना रूटर तर माळ्यावर मरून पडला होता. म्हणजे हे नाव वरून, श्रीहरीच्या नव्या रूटरवरून येत होतं. हयवदनरावांना आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती. नुसतं नाव जुळून भागत नाही. पासवर्डही अक्षर न् अक्षर जुनाच असेल, तरच फोन न विचारता आत शिरतो. श्रीहरीने दोन्ही जुनंच ठेवलं होतं. खालच्या माणसाला काही मागावं लागू नये, अशी सोय त्याने केली होती, आणि कळवलंही नव्हतं. घरच्या माणसाला कसली अक्षता!

हयवदनरावांचे डोळे भरून आले. हातातलं फडकं तसंच घेऊन ते जिना चढले. लोटलेल्या दारासमोर उभं राहिल्यावर काय बोलावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी घसा खाकरून आरोळी ठोकली, "मेष्ट्रु बंद्रु!"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"दार उघडंच आहे, अण्णा," श्रीहरी म्हणाला. "ढकला."