मनालीच्या नावावर

मुरबाडच्या पलीकडच्या एका ठाकरवाडीतून मैना नवसू मेंगाळ शहापूरच्या महाविद्यालयात आली ती उजव्या पायाच्या जोरावर. आश्रमशाळेच्या मैदानात, म्हणजे भात कापून झाल्यावर उरलेल्या खाचरात, ती सहा वर्षं अनवाणी फुटबॉल खेळली होती. धावण्यात ती कुणाच्या पुढं नव्हती. पण चेंडू एका जागी ठेवला आणि तिला तो मारायला सांगितला, की समोरची पोरगी आधीच हात खाली सोडायची. शाळेत तिला ‘लाथवाली’ म्हणत. कॉलेजात ‘किकर’ म्हणू लागले, आणि तेवढ्यानंच आपण वरच्या इयत्तेत आलो असं तिला पहिला आठवडाभर वाटत राहिलं.

खेळाडू म्हणून वसतिगृहात तिला खाट मिळाली. प्रवेश मात्र ‘तात्पुरता’ होता. जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हायची होती. ज्या डोंगराखाली तिच्या घरच्यांच्या कित्येक पिढ्या मातीत गेल्या, त्याच डोंगराखाली आपण साठ-सत्तर वर्षांपूर्वी राहत होतो याचा लेखी पुरावा त्यांनी द्यावा, अशी सरकारची अपेक्षा होती. त्या काळात वाडीवर लिहिता येणारा एकही माणूस सरकारनंच पाठवला नव्हता, एवढी किरकोळ अडचण सोडली तर अपेक्षा रास्तच म्हणायची.

पडताळणी नाही म्हणून पात्रता नाही, आणि पात्रता नाही म्हणून संघाच्या यादीत नाव नाही. यादी तर विद्यापीठाला केव्हाच गेली होती. गेल्याच वर्षीची होती, फक्त तारीख नवी. तिच्यात नऊ नंबरवर वाशिंदजवळच्या गावची मनाली होती. मनाली मे महिन्यात तापानं गेली. कॉलेज उघडल्यावर सगळ्यांनी तिच्यासाठी दोन मिनिटं उभं राहून शोक पाळला, आणि महिन्याभरात तिचं नाव स्पर्धेला पाठवून दिलं. गेलेल्या यादीत नाव वाढवता येत नाही, असा नियम होता. कमी करायला कुणी सांगितलं नव्हतं.

“तू मनाली म्हणून खेळायचं,” क्रीडासंचालक दिनेश सर म्हणाले. “फक्त मैदानावर. तुझे कागद आले की तू परत तू.”

“फॉर्मवर तिचा फोटू हाय ना, सर?”

सरांनी झेरॉक्स पुढं केली. शाईनं माखलेला चौकोन, त्यात दोन वेण्या आणि दातांची एक पांढरी रेघ. “सांग बरं कोण ही? झेरॉक्समध्ये तुम्ही सगळ्याच पोरी सारख्या दिसता.”

हा विनोद होता. शेजारी उभी असलेली गोलकीपर काजल हसली आणि मध्येच थांबली. खेळली नाहीस तर वसतिगृह सुटेल, असं सर बोलले नाहीत. त्यांनी नुसता खाटेचा नंबर विचारला. मैनाला कळलं. आपलं नाव सोडलं तर खाट राहत होती. घालायला एकच परकर असलेल्या बाईलाही नाव चार दिवस बाजूला ठेवता येतं, त्यात कमी काय होणार, असा तिनं विचार केला. सरांनी कपाटातून मनालीचे बूट काढून दिले. ते एक नंबर मोठे होते.

संघातल्या पोरींनी ही गोष्ट दोन दिवसांत पचवली. जेवणाच्या रांगेत कुणीतरी मागून म्हणायचं, “ए मनाली, सरक पुढं. मेलेल्यांना दोन पोळ्या नसतात.” मैनाही हसायची. हसलं की गोष्ट हलकी होते, एवढं तिला माहीत होतं.

पहिला सामना कल्याणला होता. सुरुवातीला पंचानं यादी हातात धरून नावं पुकारली. आता वाडीवर एक रीत आहे: पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही, दुसरीलाही नाही. तिसरी ऐकू आली की मगच. रानात हाका मारणारी सगळीच माणसं असतात असं नाही, आणि जी माणसं नसतात त्यांना तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही, असं मैनाची आई हौशी सांगायची. तेव्हा पंचानं “मनाली” म्हटल्यावर मैना सवयीनं गप्प राहिली. काजलनं कोपर मारलं, तशी ती घाईनं “हजर” म्हणाली.

पंचानं मान वर केली. “एकदा बोललीस ना? किती वेळा लिहू?”

नऊ नंबरसमोर बरोबरची खूण आधीच झाली होती. शाई वाळलीसुद्धा होती.

तो सामना त्यांनी जिंकला. दोन्ही गोल मैनाचे होते, आणि दोन्ही तिच्या उजव्या पायाचे. म्हणून तिनं त्या खुणेचा विचार फार केला नाही.

सप्टेंबरच्या एका दुपारी सराव चालला होता. काजल गोलात होती आणि मैना एकामागून एक पेनल्टी मारत होती. सातवा चेंडू वरच्या उजव्या कोपऱ्यात, जाळी जिथं खांबाला बांधली होती तिथं जाऊन अडकला. काजल झेपावली नाही. ती तशीच उभी राहिली आणि मग हातमोजे काढू लागली.

“काय झालं गं?”

“डाव्यानं का मारलास?”

“उजव्यानं मारला.”

“मैना, मी समोर उभी आहे.” काजलचा आवाज बारीक झाला होता. “गेलं वर्षभर मी ह्याच लाथेसमोर उभी होते. मनाली डावरी होती. तिकडंच मारायची, त्याच गाठीवर. आम्ही पैज लावायचो.”

मैनानं पायांकडं पाहिलं. डाव्या बुटाच्या आतल्या कडेला ओली माती लागली होती, उजवा कोरडा होता. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती तिनं काजलला सांगितली नाही. बूट आता बरोबर बसत होते.

पुढचे तीन सामने मनालीनं जिंकून दिले. असंच लिहिलं पाहिजे, कारण अहवालात तसंच लिहिलं गेलं. दिनेश सरांनी किकरच्या प्रगतीबद्दल प्राचार्यांच्या सहीनं स्वतःचं अभिनंदन करून घेतलं.

दिवाळीत मैना घरी गेली. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर जायची, त्यामुळं घरात बांधाबांध चालली होती. सकाळी ती ओट्याशी बसून भांडी घासत होती. हौशी मागं येऊन उभी राहिली, मग वळसा घालून समोर आली आणि उकिडवी बसली.

“कान गेले का गो तुजे?”

“का?”

“तीन हाका मारल्या. तीन झाल्या, चौथीपण मारली.”

मैनानं हाका ऐकल्या होत्या. कुणीतरी कुठल्याशा मैनाला बोलावतंय, एवढं तिच्या कानावर आलं होतं, आणि ती कुठली मैना उत्तर देत नाही म्हणून तिला थोडा रागही आला होता. हे आठवलं तसा तिच्या हातातला काथ्या थांबला.

हौशीनं आरडाओरडा केला नाही. तिनं राखेचा हात लुगड्याला पुसला. “तिथं तुला काय म्हनतात?”

“मनाली.”

“कोन ती?”

“मेलेली पोरगी हाय. तिच्या कार्डावर मी खेळते.”

“आनि तिच्या नावानं पुकारलं की तू ओ देतेस.”

“द्याया लागतो. नाय दिला तर खाट जाईल, आई. शिक्षान जाईल.”

हौशीनं घासलेलं एक भांडं उचलून उपडं घातलं. मग अगदी कामाचं काही विचारावं तशी तिनं विचारलं, “तू ओ दिलास, की ती काय करते?”

मैना पुन्हा काथ्या घासू लागली. गुरं डोंगराकडं निघाली होती. “शीक तू,” शेवटी हौशी म्हणाली. “मी नको नाय म्हनत. पन आता माझ्या हाकेला तू यायची नायस. तुजं नाव तुलाच घ्यावं लागंल.”

उपांत्य सामन्याची बातमी एका स्थानिक वर्तमानपत्रात आली: शहापूरच्या मनालीचे दोन गोल. चार दिवसांनी एक बाई वसतिगृहाच्या दारात उभी होती. हातात पिशवी, पायात चांगल्या चपला, कपाळ मोकळं. तिनं नाव सांगितलं, प्रमिला. मनालीची आई.

मैनानं शिव्या खायची तयारी केली. प्रमिलानं पिशवीतून डबा काढला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. मैना जेवत असताना ती तिच्या पायांकडं बघत बसली.

“बातमी वाचून शनिवारी सरावाला आले, जाळीमागं उभी होते,” ती म्हणाली. “तू कोण नाहीस ते मला समजतं, बाळा. मी वेडी नाही. पण ती लाथ तिची आहे. पाय टाकायच्या आधी तिची टाच अशी वळायची, तशीच वळते.”

“मावशी, मला नाव बदलायचं नव्हतं. त्यांनी...”

“राहू दे ना,” प्रमिला हळूच म्हणाली. “कॉलेज संपेपर्यंतच. तू काही करू नकोस. नुसती राहा.”

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी दिनेश सरांनी तिला कार्यालयात बोलावलं. मैनाचे कागद परत आले होते, पुरावा अपुरा. सर मात्र प्रसन्न होते. “काळजी करू नकोस. मनालीचा प्रवेश अजून चालू आहे. पक्का आहे. दुसऱ्या वर्षात बसायचं, परीक्षा तिच्या नंबरवर, पदवी तिच्या नावाची. तुला शिकायचंच आहे ना? नावात काय असतं? आज ट्रॉफी आली की प्राचार्यांचंही काही म्हणणं नसेल.”

मैनानं मान हलवली. होकार होता का नकार, ते सरांनी विचारलं नाही.

सामना बरोबरीत सुटला आणि टायब्रेकर लागला. चार-चार मारून झाल्या तेव्हा शहापूरच्या पोरी एका गोलानं पुढं होत्या. पाचवी आत गेली की ट्रॉफी. टायब्रेकरला पंच मारणारीचं नाव विचारून लिहून घेतो. मैना ठिपक्याकडं चालत गेली. जाळीमागं प्रमिला होती, दोन्ही हात जाळीत अडकवून.

“नाव?” पंचानं विचारलं.

मैनानं स्वतःचं नाव सांगायचं ठरवलं होतं. वसतिगृहातून निघताना ठरवलं होतं, गाडीत बसल्यावर पुन्हा ठरवलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि नाव तिथं नव्हतं. जीभ एका शब्दावर तयार होती आणि तो शब्द तिचा नव्हता. ऊन स्वच्छ होतं, माणसं दिसत होती, आणि तिला आपलं नाव आठवत नव्हतं. डावी टाच आपोआप वळू लागली.

ती खाली बसली. दोन्ही बूट काढले आणि बाजूला ठेवले. जमीन गरम होती. मग तिनं लांबून सुरुवात केली, हरवलेलं जनावर शोधताना करतात तशी. आधी डोंगर. डोंगराखालची वाडी. वाडीतलं शेवटचं घर. घरात नवसू, भट्टीवर पाय भाजलेला. हौशी, राखेचे हात. आणि त्या दोघांची थोरली.

“नाव सांग, बाई,” पंच म्हणाला.

“मैना,” ती म्हणाली. “मैना नवसू मेंगाळ.”

त्यानं यादी वरून खाली, खालून वर पाहिली. “हे नाव यात नाही.”

“नाय. नऊ नंबरवर मनाली हाय. ती मे महिन्यात मेली.”

पंच दिनेश सरांकडं वळला, सर आकाशाकडं बघू लागले, आणि तेवढ्यात मैनानं अनवाणी, उजव्या पायानं चेंडू मारला. तो बारच्या बराच वरून रस्त्यावर गेला. इतकी वाईट लाथ तिनं आयुष्यात मारली नव्हती. अंगठा फुटला. तो तिचा होता.

चौकशी समितीत दिनेश सर सदस्य होते, कारण खेळातलं त्यांनाच कळत होतं. एका विद्यार्थिनीनं मृत खेळाडूचं ओळखपत्र वापरून महाविद्यालयाची फसवणूक केली, असं समितीला आढळलं. प्रवेश रद्द, खाट त्याच दिवशी रिकामी करायची. निर्णयाच्या कागदावर आरोपीचं पूर्ण नाव टंकलेलं होतं: मैना नवसू मेंगाळ. महाविद्यालयाच्या दप्तरात हे नाव पक्क्या शाईत पहिल्यांदाच येत होतं. मैनानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सही केली.

एकच गोष्ट बाकी होती. मुलगी खरंच मृत आहे याला घरच्यांचा दुजोरा हवा होता, म्हणून प्रमिलाला बोलावलं होतं. प्राचार्यांनी सहानुभूतीनं विचारलं. प्रमिलानं मैनाकडं पाहिलं. अजूनही ती काहीतरी मागत होती.

“सांगा, मावशी,” मैना म्हणाली. “माझ्याकडं नका बघू. मी नाय ती.”

“गेली,” प्रमिला म्हणाली. “माझी मनाली गेली.” आणि डोळे पुसून कुणासाठी तरी थांबावं तशी ती दाराशी थांबली, मग बाहेर पडली.

मैना ट्रंक घेऊन महामार्गाच्या कडेला मुरबाडच्या गाडीची वाट बघत उभी होती. डावा पाय रिकामा, हलका वाटत होता. मुंग्या येऊन गेल्यावर वाटतो तसा. थोड्या अंतरावर प्रमिला रस्ता ओलांडत होती. तिचा एक हात अंगापासून जरा दूर, मुठीत काही धरल्यासारखा होता, आणि ती एरवीपेक्षा लहान पावलं टाकत होती. एका टेम्पोवाल्यानं तिच्यासाठी गाडी थांबवली. प्रमिला पलीकडं पोचली तरी तो थांबूनच होता. मागून हॉर्न वाजू लागले. त्यानं खिडकीतून हात काढून मागच्यांना थांबायला सांगितलं, समोरच्या मोकळ्या रस्त्यावरून नजर सावकाश पलीकडच्या कडेपर्यंत नेली, आणि मगच गाडी पुढं घेतली.