मंत्रीणबाईंना आलेलं पत्र

हाल्वारचा हट्ट सगळ्या लांगस्कार बेटाला माहीत होता आणि त्याच्या मुलीचा सगळ्या नॉर्वेला. ओड्नीच्या दुकानात कॉफीवरून एकदा वाजलं, तर हा गडी चार वर्षं कॉफी आणायला शेजारच्या बेटावर जात होता. आणि मुलगी, तोरुन, हिने जाळ्याच्या भोकाच्या मापावरून संसदेत विरोधकांना दोन दिवस घाम फोडला होता. अशी दोघं एकमेकांवर रुसल्यावर मध्ये कोण पडणार? तीन वर्षं झाली, अबोला चालूच होता.

लहानपणी पेटीवर उभी राहून कॉड माशांच्या जिभा कापणारी ही पोर एकोणतिसाव्या वर्षी नगराध्यक्ष झाली, मग खासदार, आणि एकावन्नाव्या वर्षी मासेमारी खात्याची मंत्री. त्या दिवशी हाल्वारने धक्क्यावर झेंडा लावला होता. सगळ्यांना सांगत सुटला, “माझ्या पोरीला गळाची दोरी टाकता येते, हे राजालाही सांगा म्हणावं.” तीन वर्षांनी तिनेच त्या कागदावर सही केली. छोट्या बेटांवरच्या मासळी उतरवून घेणाऱ्या केंद्रांची मदत बंद. लांगस्कारचं केंद्र तीन महिन्यांत मिटलं. तिने फोन केला, तर बाप म्हणाला, “मंत्रीणबाईंशी मला काही बोलायचं नाही. माझी मुलगी भेटली कुठे, तर तिला सांगा घरी यायला.” आणि ठेवून दिला. नंतर ती वर्षभर फोन करत राहिली. त्याने उचलला नाही. मग तिनेही सोडलं.

सोडलं म्हणायचं आपलं. जानेवारी उजाडला, उत्तरेकडून मोठी मासळी खाली यायला लागली, की ओस्लोतल्या त्या सरकारी फ्लॅटमध्ये तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. दर शुक्रवारी मंत्रिमंडळाच्या बैठकीला राजवाड्यात राजासमोर टेबलाशी बसायची, अंगावर चांगला कोट, आणि मनात मात्र बोटीच्या इंजिनाची घरघर. आईच्या नावाची बोट होती ती, ‘पेट्रा’. आई गेल्यावर बापलेक त्या बोटीवरच एकमेकांशी धड बोलायचे, घरात नाही. मासळीची गाबोळी आणि काळीज घालून बाप जे कालवण करायचा, ते दुसऱ्या कुणाच्या हातचं तिच्या घशाखाली उतरायचं नाही. आता तिला सत्तावन्न पूर्ण झाली होती आणि हवं होतं ते एवढंच, की बाबाने एकदा ‘ये’ म्हणावं. त्याने म्हटल्याशिवाय जायची तिची छाती नव्हती. सबंध किनाऱ्याची मंत्री, आणि एका बेटावर जायला घाबरायची!

मे महिन्यातल्या एका मंगळवारी तिचा सल्लागार मिक्केल दार लावून आत आला. एरवी दार उघडं टाकणारा माणूस.

“तोरुन, एक भानगड आहे. तुमचे वडील हाल्वार यूहानसेन?”

ती खुर्चीतून उठली. “काय झालं त्यांना?”

“काही नाही, ठणठणीत असतील. त्यांनी फेब्रुवारीत आपल्याला पत्र लिहिलं होतं. खात्याला. आणि आपण उत्तर दिलंय.”

आमच्याकडे सरकारला आलेल्या पत्रांची यादी रोज सगळ्या जगासाठी उघडी असते. उत्तरेतल्या एका पत्रकाराने ती चाळता चाळता लांगस्कार हे नाव पाहिलं, पत्र मागवलं आणि कपाळावर हात मारला. खात्यातल्या कारकुनाला बिचाऱ्याला काय स्वप्न पडणार? तोरुनचं आडनाव सोडलेल्या नवऱ्याचं, आणि म्हाताऱ्याने पत्रात नातं लिहिलंच नव्हतं. बोलणार नाही म्हणून शपथ घेतली होती ना! लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, अशी त्याने पळवाट काढली असणार.

मिक्केलने कागद पुढे ठेवले. बापाचं अक्षर, ठसठशीत.

“मा. मंत्रीमहोदया, मासळी आली आहे. यंदा अंगाने भरलेली आहे. मी ब्याऐंशीचा झालो, गुडघे ऐकत नाहीत, सबब हा शेवटचा हंगाम. ईस्टरला ‘पेट्रा’ विकण्याचा विचार आहे. त्याआधी मंत्रीमहोदयांनी एक दिवस बोटीवर यावे. दोरी टाकायला माणूस मिळत नाही. मिळतात ती गाढवं आहेत. उत्तर द्यावे.”

खाली खात्याचं उत्तर. “आपल्या पत्राबद्दल आभार. मंत्रीमहोदयांना अनेक निमंत्रणे येतात. कार्यबाहुल्यामुळे आपल्या निमंत्रणाचा स्वीकार करता येत नाही, याचा त्यांना खेद आहे. आपल्या पुढील कार्यास शुभेच्छा.”

तोरुनने दोन्ही कागद तीनदा वाचले. तिचे डोळे भरून आले, आणि मिक्केल खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

“पत्रकाराला काय सांगू?” शेवटी त्याने विचारलं. “कारकुनाची चूक होती, असं—”

“खबरदार! खात्यातून गेलेलं प्रत्येक पत्र माझं. जबाबदारी माझी. एवढंच सांग.”

मंत्र्याने असंच बोलायचं असतं. सहा वर्षांत ती हे वाक्य इतक्यांदा बोलली होती, की झोपेतून उठवलं तरी म्हणाली असती. शुक्रवारी पेपरात दोन रकाने छापून आले, वर तिचा फोटो. शनिवारी ती विमानाने निघाली, मग लहान विमान, मग फेरी. फेरीवर सगळे ओळखीचे होते. कुणी काही विचारलं नाही. आमच्या लोकांना असल्या वेळी समुद्राकडे बघायचं बरोबर कळतं.

दुपारचे तीन वाजले होते. हाल्वार स्वयंपाकघरात बसला होता. अंगाने निम्मा झाला होता. तिला वाटलं, जाऊन मिठी मारावी. पण त्याने उठून पाहुण्यांसाठीचा कप काढला, आणि तिचे पाय तिथेच थबकले.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

“बाबा, बसा काय म्हणतोस मला?”

“मग काय म्हणू? पेपर आला काल. ओड्नीने वाचून दाखवला, सगळ्या दुकानादेखत.” त्याने कॉफी ओतली. “त्यात म्हणालीस, ते पत्र तुझं. खरं आहे?”

“हो. जबाबदारी माझीच आहे, बाबा. मी कुणावर ढकलणार नाही.”

म्हाताऱ्याने मान हलवली, हळूहळू, दोनदा. “चांगलं केलंस,” तो म्हणाला. “आपलं केलेलं आपलं म्हणावं.” आणि त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली, तिच्याकडे पाठ करून.

तोरुन उभीच राहिली. आपण काहीतरी चुकलो एवढं तिला कळलं; काय, ते कळेना. खिडकीतून धक्का दिसत होता. ‘पेट्रा’ची जागा रिकामी होती.

“बोट कुठाय?”

“विकली. पलीकडच्या बेटावरच्या एकाने नेली. ईस्टरपर्यंत ठेवणार होतो.” तो खिडकीशीच बोलत होता. “फेब्रुवारीतच दिली. तू नाही म्हणालीस, मग कुणासाठी थांबू?”

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पेपरात, आणि आत्ता इथे, त्याच्या तोंडावर, तिने दोनदा छातीठोकपणे सांगितलं होतं की तुला नाही म्हणणारी मीच.

“बाबा, मी ते लिहिलं नाही.” तिने त्याच्या खुर्चीची पाठ धरली. “मी तुझं पत्रच वाचलं नव्हतं. माझ्यापर्यंत आलंच नाही रे ते! कुणीतरी छापील उत्तर धाडलं. मला मंगळवारी कळलं. तू बोलावलंस हेच मला मंगळवारी कळलं.”

शरमेने तिची मान वर होईना. बापाचं पत्र तीन महिने आपल्याच कचेरीत पडून होतं आणि आपल्याला पत्ता नाही, असं कुणी सांगावं? आता तो चिडेल, हाकलून देईल, असं तिला वाटलं.

खुर्ची करकरली. हाल्वार वळला होता. चष्मा काढून त्याने टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला.

“वाचलंच नव्हतंस?”

“नाही.”

“म्हणजे तू नाही म्हणाली नव्हतीस.”

“नाही बाबा. तसंच पळत आले असते. मंत्रिपद गेलं असतं तरी आले असते.”

त्याने पाहुण्यांचा कप बाजूला सारला आणि पालथ्या हाताने डोळे पुसले. “अगं वेडे,” तो म्हणाला, “मग ते आधी नाही का सांगायचं? अकरा आठवडे मी इथे बसून...” तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“मासळी खरंच भरलेली होती यंदा,” तो म्हणाला. “मोठी, हातभर लांब. तुझी बाजू मी मोकळी ठेवली होती, बोटीवर.”

“माहीत आहे, बाबा.”

“आली असतीस तू,” तो म्हणाला आणि रिकाम्या धक्क्याकडे बघत राहिला.