पाटीवरची कंपनी

धाकटा भाऊ वाटणी घेऊन वेगळा झाला, तसं कुलपं दुरुस्त करणाऱ्या थोरल्याने रंगाऱ्याला बोलावलं. “पाटीवरचं ‘आणि कंपनी’ पुसून टाक. आता कसली कंपनी अन् कसलं काय!”

शब्दकोश चाळणारी मुलगी म्हणाली, “बाबा, कंपनी शब्द मूळचा लॅटिन. एकत्र भाकरी खाणारे सोबती, असा अर्थ आहे.”

“मग पुसायलाच हवं. तुझा काका महिनाभर माझ्यासोबत जेवला नाही.”

“तुम्ही हाक मारलीत?”

हाक धाकटाच मारायचा, रोज दुपारी, डबा उघडून. थोरल्यानेच किल्ली घासताना कधी मान वर केली नव्हती.

“दादा, पुसू ना?” रंगाऱ्याने शिडीवरून विचारलं.

“पूस,” थोरला म्हणाला, आणि डोळे लपवायला दुकानात शिरला.