खेकडीचा शेवटचा घास

शके सतराशे पंधराच्या चैत्रात मी एका देवाची उत्पत्ती लिहिली आणि तिच्याबद्दल मला शालजोडी मिळाली. ती अजून पेटीत आहे. थंडीत अंगावर घ्यायला काढतो आणि पुन्हा घडी घालून ठेवतो.

मी दीनानाथशास्त्री, राहणार कसबा पेठ. माझा धंदा माहात्म्यं लिहिण्याचा. कुणाला गाव इनाम मिळालं आणि तिथे शेंदूर फासलेला एखादा धोंडा असला, की तो धोंडा नक्की कोण हे ठरवून घ्यायला माझ्याकडे माणूस येई. कृती सोपी असते. एक राक्षस माजवायचा, देवांना रडत कैलासावर पाठवायचं, शंकराने येऊन राक्षसाला मारायचं आणि दमून नेमकं त्याच धोंड्यावर बसायचं. शेवटी, हे जो ऐकेल त्याला पुत्र, धन आणि मोक्ष मिळेल, असं लिहून मोकळं व्हायचं. अशी अकरा माहात्म्यं मी लिहिली होती आणि अकराही ठिकाणी शंकर दमलेला होता.

जग कसं झालं याच्या कथा गोळा करण्याचा मला नाद होता. पाण्यावर तरंगणारं आमचं सोन्याचं अंडं तर मला पाठच होतं. कागदीपुऱ्यातल्या एका कागद्याने मातीच्या पुतळ्यात प्राण फुंकणारा त्याचा अल्ला मला सांगितला. संगमावरच्या इंग्रजाच्या दुभाष्याने सांगितलं, की साहेबाच्या देवाने सहा दिवस खपून जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. मी सगळ्यांपुढे मान डोलावली आणि घरी येऊन सगळ्यांना हसलो. कारखान्याच्या आतल्या माणसाला मालाचं कौतुक राहत नाही.

त्या वर्षी संपतराव नावाच्या सरदाराला खडकीच्या पलीकडे, मुळेकाठी एक वाडी इनाम मिळाली. तिथे टेकाडावर एक काळा धोंडा होता. डोंगरातून उतरून तिथे वसलेली माणसं त्याला पूजत. पूजेचा मान सोजरबाई नावाच्या म्हातारीकडे होता, सासूकडून सुनेकडे असा चालत आलेला. संपतरावांना तिथे शिवालय बांधायचं होतं आणि म्हातारी धोंड्यापासून हलत नव्हती. वाद पुण्यात पंचांपुढे गेला. कागद कुणाकडेच नव्हता, तेव्हा पंचांनी तोड काढली: देवाची उत्पत्ती जो साद्यंत सांगेल, पूजा त्याची. संपतरावांनी मला बोलावलं आणि म्हणाले, आधी तिची कथा ऐकून या, म्हणजे आपली तिच्यापेक्षा जुनी करता येईल.

मी गेलो. सोजरबाई धोंड्यापाशी मातीत बसली होती. मीही धोतर आवरून दोन हात लांब बसलो. कथा ऐकायला शास्त्री आपल्या पायांनी चालत आला, याचंच तिला अप्रूप वाटलं. काही हातचं न राखता तिने सांगायला घेतलं.

आधी नुसतं पाणी होतं आणि पाण्यात एक खेकडी. तिला अंडी घालायला कोरडी जागा हवी होती. ती तळाशी जाऊन चिखल आणी, पण चिखल पाण्यात विरघळून जाई. मग तिने तो चावला, गिळला आणि ओकला. ती ओक थिजली, तिचे डोंगर झाले. नांगी तुटली, तिथे पू झाला, त्याच्या नद्या झाल्या. खपली धरली, ती पडली, तिच्यातून माणूस उठला. हे सांगताना म्हातारीच्या ओठांच्या कडेला पानाची लाळ जमली होती आणि मला शिसारी आली. ओकारीतून सह्याद्री! आम्ही सोन्याच्या अंड्यातून आलो आणि ही मला खपलीतून काढत होती. घरी जाऊन स्नान केल्याशिवाय पिण्याच्या पाण्याला शिवायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दमलेली खेकडी या धोंड्याखाली जाऊन बसली, तिच्या तोंडात शेवटचा घास आहे, इथवर येऊन सोजरबाई थांबली. जमिनीवर तळवा टेकून तिने नमस्कार केला. पुढे काय, असं मी विचारलं.

"म्होरलं सांगत न्हाईत, म्हाराज," ती म्हणाली. "ती आजून चावतीया. काम चाललंय तवर जग हाय. शेवट सांगितला का तिला वाटंल झालं समदं, आन ती उठून जाईल. मग ह्यो डोंगर बी इरघळंल. सासूनं मरताना माज्या कानात सांगितला, म्या मरताना सुनंच्या कानात सांगीन. मोकळ्या हवंत बोलायचा न्हाई."

वाटेत मी या गोष्टीवर पुष्कळ हसलो. रात्रीच्या आत माझा पहिला अध्याय झाला आणि चार दिवसांत पोथी पुरी झाली. त्यात खेकडीचा कर्कासुर केला, ओकारीचं अमृत केलं आणि पुवाची गंगा केली. एकशे आठ श्लोक, शेवटी भरघोस फलश्रुती. संपतरावांनी लगेच बारा प्रती करवून गावोगावी धाडल्या.

पंधरा दिवसांनी सकाळी पंचांची बैठक भरली. माझी पोथी वाचली गेली, माना डोलल्या. मग सोजरबाई उभी राहिली. ओक आणि पू आला तसे पंचांनी उपरण्यांनी नाकं झाकली, जणू वास येत होता. शेवटच्या घासापाशी येऊन ती थांबली, खाली वाकून तळवा टेकला.

मुख्य पंच वाईट माणूस नव्हता. त्याने तिला दोनदा सांगितलं, की बाई, शेवट सांग, पूजा तुझी आणि तुझ्या सुनेची, वंशपरंपरा. ती गप्प राहिली. का गप्प हेही तिने सांगितलं नाही. भरल्या सभेत तेवढंही तिला फार वाटलं असावं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तिची नजर पंचाने पकडली. "शास्त्रीबोवा, आपण हिच्याकडे जाऊन आलात. हिच्या कथेला शेवट आहे का?"

एक वाक्य पुरलं असतं. शेवट आहे, आणि तो न सांगणं हाच हिचा पूजेचा नेम आहे. एवढं कळायला शास्त्री असण्याचीही गरज नव्हती. संपतराव शेजारी पान चघळत होते.

"मी ऐकला नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. आयुष्यात इतकं स्वच्छ, इतकं घाण सत्य मी दुसरं बोललो नाही. ती जिला खेकडीची ओक म्हणत होती, तसलीच ओक त्या दिवशी माझ्या तोंडून बाहेर पडली, आणि त्यातून कसलाही डोंगर झाला नाही. धोंडा संपतरावांना मिळाला. सोजरबाईने व तिच्या माणसांनी त्याला शिवू नये, असंही निकालात लिहिलं गेलं.

शालजोडी खांद्यावर घेऊन मी बाहेर आलो, तर ती पायरीशी उभी होती. शिव्याशाप देईल म्हणून मी मन घट्ट केलं. खरं तर तिने द्यावेत असंच वाटत होतं.

तिने हळूच विचारलं, "म्हाराज, तुमी लिवलंय त्याला शेवट हाय?"

मी हो म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. धोंडा गेला तेव्हाही तो असा उतरला नव्हता. तिने माझ्यापुढे हात जोडले.

"मग तेवडं मागचं पान फाडा. माज्यासाटी न्हाई म्हनत, तुमची बी पोरं बारकी असत्याल."