पडद्यामागचा कर्णा

जळगावच्या कॉलेजात पितांबर भंगाळे हे प्रयोगशाळा सहायक होते. मुलांना लोलक आणि लंबक काढून द्यायचे, तास संपला की मोजून परत कपाटात ठेवायचे. ही नोकरी झाली. त्यांचा जीव मात्र घरच्या पुढच्या खोलीत होता. तिथं एका पाटावर त्यांनी स्वतः जोडलेला वॉल्व्हचा अँप्लिफायर मांडलेला असे. बटण दाबलं की मिनिटभर काहीच होत नसे. मग काचेच्या आत निखाऱ्यासारखी लाली धरायची, खोलीत तापलेल्या धुळीचा वास सुटायचा, आणि सावकाश आवाज यायचा.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. गल्लीत एकेकाच्या घरी टू-इन-वन येत होते. पितांबर मात्र लग्नमंडपातला एक पत्र्याचा भोंगा भंगारातून आणून तो या अँप्लिफायरला जोडून बसत. त्यांच्या पत्नी कुंदाबाई म्हणायच्या, "आपल्याकडे रोजच वरात येते. नवरी तेवढी कुठं दिसत नाही."

पितांबर हसत. भोंग्याचा आवाज किरटा आहे हे त्यांनाही कळत होतं. त्यांना हवा होता तो वेगळाच आवाज. अकरावीला ते धुळ्याला मावशीकडे राहत असताना तिथल्या एका जुन्या टॉकीजमध्ये त्यांनी तो ऐकला होता. पडद्यामागून यायचा. नुसता कानात शिरायचा नाही, समोर येऊन बसायचा. नायिका कुजबुजली तरी ती आपल्याच बाकावर आहे असं वाटायचं. पंचवीस वर्षं झाली, पितांबर तो आवाज घरी तयार करायला बघत होते आणि तो काही हाती लागत नव्हता.

त्या वर्षी मावशीच्या नातीच्या लग्नाला ते धुळ्याला गेले. पाय आपोआप टॉकीजकडे वळले. टॉकीज चालू होतं, पण आत नवं यंत्र बसलं होतं. जुन्या सामानाचं काय झालं म्हणून त्यांनी शेजारच्या भंगारवाल्या रतिलालशेठना विचारलं.

"मशीन माझ्याकडे आलं आणि गेलंही," रतिलालशेठ म्हणाले. "पण तो मोठा लाकडी कर्णा आणि त्याचा अँप्लिफायर झुलाल ऑपरेटर घेऊन गेला. रिटायर होताना मालकाला म्हणाला, मला नारळ नको, शाल नको, तो कर्णा द्या. सोनगीरला राहतो, किल्ल्याच्या अंगाला."

पुढच्याच रविवारी पितांबर सोनगीरला उतरले.

झुलालनानांचं घर शोधायला वेळ लागला नाही. पडवीत पुरुषभर उंचीचा एक लाकडी कर्णा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या तोंडात तीन कोंबड्या आरामात बसल्या होत्या. पितांबर पायरीवरच थबकले. आतापर्यंत त्यांनी त्याचा फक्त आवाज ऐकला होता. पडद्यामागं तो कसा दिसतो हे पहिल्यांदाच बघत होते.

झुलालनाना बाहेर आले. सडपातळ, पांढरी टोपी, डोळे बारीक करून बघायची सवय. पाहुण्याची नजर कुठं आहे हे त्यांनी ओळखलं.

"हाऊ इकाना नही, भाऊ," ते म्हणाले. "बठा. चहा ल्या."

"विकत नको, नाना," पितांबर म्हणाले. "वाजतो का?"

या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. भाव विचारायला दोघंतिघं येऊन गेले होते, सरपण म्हणून मागणारा एक येऊन गेला होता. नाना उठले, आत गेले आणि धान्याच्या कोठीमागून पोत्यात गुंडाळलेला अँप्लिफायर छातीशी धरून घेऊन आले. दोन वर्षं त्याला वीज लागली नव्हती.

त्या दिवसापासून पितांबरांचे रविवार सोनगीरचे झाले. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. पिशवीत सोल्डरिंगची कांडी, टॉवेलात गुंडाळलेला तबकडीचा प्लेयर, आणि कुंदाबाईंनी दिलेली केळ्यांची फणी. कोंबड्यांना झुलालनानांनी खुराडं बांधून दिलं. सुकलेले कंडेन्सर बदलले. वॉल्व्हच्या पायांवरचा गंज पितांबर काडेपेटीच्या बाजूनं घासत बसले. स्पीकरचा कागदी पडदा एका जागी फाटला होता. तिथं पतंगाचा कागद खळीनं चिकटवला. नाना शेजारी बसून जुनं काहीबाही सांगत. गर्दीच्या खेळाला पब्लिकच्या अंगानं आवाज कसा खाल्ला जातो, मग ऑपरेटरनं बटण किती पुढं न्यायचं, रिकाम्या मॅटिनीला किती मागं. बोलताना त्यांचा अंगठा हवेतच बटण फिरवायचा.

नानांच्या पत्नी तानुबाई या सगळ्यात नव्हत्या. चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. घरात एवढ्या तारा पसरल्यात म्हणून त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही, पण कधी थांबून पाहिलंही नाही.

सातव्या रविवारी कर्णा वाजला. सनईची तबकडी होती. चारही वॉल्व्ह लाल झाले, थोडी गुणगुण झाली, आणि पडवीभर सनई पसरली. शेजारपाजारचे लोक ओट्यावर आले. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पितांबरांचा चेहरा मात्र पडला. तबल्याचा बायां वाजला की कुठंतरी बरबर व्हायची, सैल पत्रा थरथरावा तशी. त्यांनी सगळे स्क्रू आवळले. तारा बदलल्या. पुढचे दोन रविवार त्यातच गेले. बरबर जाईना.

"बठ्ठं बराबर शे, भाऊ," नाना म्हणाले. "आते कसाले खोलतस?"

पितांबरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. नानांना ती बरबर ऐकूच येत नव्हती. तीस वर्षं मशीनच्या खडखडाटाशेजारी काढलेले कान होते ते. पितांबरांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आता आवाज बरोबर आहे की नाही हे कुणाला विचारायचं? ज्यानं वाजवला त्याचे कान थकलेले, आणि आपण ऐकला तो सोळाव्या वर्षी.

तेवढ्यात आतून तानुबाई म्हणाल्या, "हाऊ तो आवाज नही."

दोघांनी वळून पाहिलं. त्या चुलीपुढून उठून दारात आल्या होत्या. हाताला पीठ होतं.

"तुम्ही ऐकलाय, अक्का?" पितांबरांनी विचारलं.

"तीस वरीस त्या भीतमांगे काढात मी," त्या म्हणाल्या. "माले नही ते कोणले ठाऊक?"

मग हळूहळू कळलं. टॉकीजच्या पडद्यामागच्या भिंतीला लागून ऑपरेटरला राहायला दिलेली खोली होती. तानुबाईंचा सारा संसार तिथं झाला. पहिल्या खेळाचं शेवटचं संगीत सुरू झालं की त्या तव्यावर भाकरी टाकायच्या, म्हणजे नाना येईपर्यंत ती ताटात असायची. कुठल्या खेळाला नायिका रडते, कुठं विहिरीत दगड पडतो, सगळं पाठ. पण त्या टॉकीजच्या आत त्यांनी एकदाही पाय टाकला नव्हता. खेळ चालू असताना नाना मशीनवर, पोरं लहान, एकटीनं जाऊन बसायचं कसं? पुढं पोरं मोठी झाली, तोवर न जायची सवय झाली होती.

"मग काय कमी आहे, अक्का?"

तानुबाई भिंतीला टेकून थोडा वेळ ऐकत राहिल्या. "ढोल असा फुटका नही वाजे. मऊ वाजे. भरेल वाजे." मग त्या नानांकडे वळल्या. "पहिले असाच फुटका व्हता. मंग एक दिवस बराबर झाया. काय करं व्हतं तुमी?"

नाना टोपीशी चाळा करू लागले. पितांबरांना वाटलं, आठवत नसेल. पण नानांना आठवत होतं, म्हणूनच ते बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, त्या वर्षी कर्ण्याच्या मागच्या पोकळीत त्यांनी काहीतरी कोंबलं होतं. जाड, मऊ. स्पीकरमागची हवा नुसती घुमू नये म्हणून.

"काय कोंबं?"

"गोधडी."

तानुबाईंचे डोळे मोठे झाले. "मनी मायनी गोधडी! ती चोरी गई म्हणे ना तुमी? वाळत टाकेल व्हती तठून?"

नाना पुढं सरकून वॉल्व्हच्या काचा पुसायला लागले. त्या अजून तापलेल्या होत्या, बोट भाजलं, तरी पुसत राहिले. तानुबाईंच्या आईनं जुन्या लुगड्यांचे चार थर लावून शिवलेली ती गोधडी; कर्णा घरी आणताना ती पार विरलेली निघाली म्हणून नानांनी गुपचूप टाकून दिली होती. तिच्यासाठी तानुबाईंनी शेजारणीशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं, तिच्यावरच वहीम होता. आता त्या जे बोलल्या ते सगळं पितांबरांना समजलं नाही, खान्देशी फार भरभर चालली होती. पण शेजारीण बिचारी मरून गेली, एवढं समजलं.

मग त्या तणतणत आत गेल्या. पितांबर आपली पिशवी भरायला लागले. आजचा दिवस इथंच संपला असं त्यांनी धरलं.

तानुबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक गोधडी होती. "खोला ते मांगलं फळकं," त्या म्हणाल्या.

फळी उघडली. गोधडी तानुबाईंनी स्वतःच आत घातली. पितांबर तबकडी लावायचे, त्या ऐकायच्या, हात आत घालून गोधडी थोडी वर सरकवायच्या, एक टोक मोकळं करायच्या. पुन्हा तबकडी. सनई, बायां, सनई. चौथ्या की पाचव्या वेळी बायां वाजला, आणि तो थेट जमिनीतून आल्यासारखा पोटात उतरला. बरबर नव्हती.

पितांबर पायरीवर बसले. तोच आवाज होता. मावशीचं घर, कॅरमची पावडर लागलेली बोटं, तिकिटाच्या खिडकीजवळचा भज्यांचा वास, सोबतीला असायचा तो चिंधा, जो पुढं कुठं गेला कळलंच नाही, असं सगळं एकदम वर आलं. डोळे भरले तेव्हा त्यांनी नाकावरचा चष्मा पुसायचं निमित्त केलं.

"अक्का, समोर बसा ना," ते म्हणाले. "तुम्ही समोरून कधी ऐकलाच नाही."

तानुबाई कर्ण्यासमोर पाटावर बसल्या. पदर सारखा केला, जणू टॉकीजमधले दिवे आता मालवणार होते. एक पूर्ण बाजू ऐकली. मग उठल्या, आत चुलीपाशी गेल्या आणि भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आते लावा. अठूनच बराबर लागस."

तो कर्णा नानांनंतर जळगावला आला, दाराची चौकट काढून आत घ्यावा लागला, आणि कुंदाबाईंनी त्यासाठी आपली शिवणाची मशीन सरकवली. पण पितांबर त्याच्याबद्दल बोलायला लागले की जळगावचं फारसं सांगत नाहीत. सांगतात ते त्र्याण्णव सालच्या एका रविवारचं.

तोवर महिन्याचा पहिला रविवार सोनगीरचा असं ठरूनच गेलं होतं. नानांचे कान पार गेले होते. मोठ्यानं बोललेलंही पोचत नसे. तरी ते पाट घेऊन कर्ण्याला खेटून बसत आणि तळवा लाकडावर ठेवत. त्या दिवशी तबकडी अर्ध्यावर आली असताना वीज गेली. तबकडी फिरता फिरता जड झाली, सूर खाली घसरला, वॉल्व्हमधली लाली क्षणभर रेंगाळून विझली. पितांबरांनी तानुबाईंकडे पाहिलं. नानांना कसं सांगावं?

नानांनी तळवा उचलला नव्हता. मान न वळवताच ते म्हणाले, "लाइट गई. बठा, भाऊ. ई जाई."

तानुबाईंनी भुईमुगाच्या शेंगा आणून मध्ये ओतल्या. तिघं शेंगा फोडत बसले. संध्याकाळची एसटी फाट्यावरून निघून गेली, तिचा हॉर्न पितांबरांनी ऐकला, आणि ते उठले नाहीत.